'फ्यू' लिहिलं आणि गाडी निघून गेली! इंग्रजीतले 'थोडे-जास्त'चे शब्द वापरताना घ्या काळजी

सांगोला : गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या डाळिंबाची तोडणी चालू होती. बेंगळुरूचा एक व्यापारी शेजारच्या गावात गाडी भरत होता. त्याला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, आणि मला कन्नड दोन शब्दांपुढं येत नाही. त्यामुळं आमचा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर आणि तोही इंग्रजीतून. दुपारी त्याचा मेसेज आला, मोठ्या साइजचा माल आहे का, असेल तर गाडी तुमच्याकडं वळवतो.

माझ्याकडं ४० बॉक्स भरतील एवढा माल होता. मी लिहिलं, 'आय हॅव फ्यू बॉक्सेस.' मला म्हणायचं होतं, काही बॉक्स आहेत, या आणि घेऊन जा. त्याचं उत्तर आलं, 'ओके, नेक्स्ट टाइम.' मी वाट बघत बसलो. संध्याकाळी कळलं की गाडी भरून निघूनसुद्धा गेली. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला, झाडावरची थोडी फळं तडकली, आणि राहिलेला माल लिलावात घालावा लागला. किलोमागं २२ रुपये कमी पडले.

रात्री जेवताना पुतण्याला मोबाइल दाखवला. तो भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करतोय. मेसेज वाचून म्हणाला, "तात्या, तुम्ही त्याला माल नाही म्हणून सांगितलंय."

"मी कुठं नाही म्हटलं? फ्यू म्हणजे थोडे."

"थोडे नाही तात्या. थोडेच."

त्या एका 'च'मध्ये माझी चूक होती. इंग्रजीतलं हे व्याकरण शाळेत शिकलो होतो, पण कधी डोक्यात शिरलं नव्हतं. ते पुतण्याच्या या एका शब्दानं शिरलं. म्हणून म्हटलं, आपल्या वाचकांसाठी हे नीट लिहून काढावं. आता आपल्यातले कितीतरी जण परराज्यातल्या व्यापाऱ्याला, कंपनीला, बँकेला इंग्रजीत मेसेज करतात. पोरं परीक्षा देतात. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून ते पहिलीपासून आलं, तरी हा घोळ नव्या पोरांचाही होतोच.

'थोडंफार' आणि 'थोडंच'

समजा शेजाऱ्यानं विचारलं, विहिरीला पाणी आहे का? तुम्ही म्हणालात, "थोडंफार आहे." तो समजतो, मोटर चालू करायला हरकत नाही. तुम्ही म्हणालात, "थोडंच आहे." तो गप घरी जातो. विहीर तीच, पाणी तेवढंच, परसानं मोजलं तर एक वीत फरक नाही. पण पहिल्या वाक्यात 'आहे'वर जोर आहे, दुसऱ्यात 'नाही'वर.

इंग्रजी हेच काम 'अ' या एका अक्षरानं करतं. 'अ फ्यू' म्हणजे थोडेफार, काही, कामापुरते आहेत. नुसतं 'फ्यू' म्हणजे थोडेच, नसल्यासारखे. 'अ लिटल' म्हणजे थोडंफार आणि नुसतं 'लिटल' म्हणजे थोडंच. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यू', न मोजता येणाऱ्यांना 'लिटल'. त्यामुळं 'देअर इज अ लिटल वॉटर इन द वेल' म्हटलं की मोटर लावा, आणि 'देअर इज लिटल वॉटर इन द वेल' म्हटलं की टँकरची सोय बघा.

आपली गडबड का होते? कारण मराठीत 'अ', 'द' असली अक्षरं नावाच्या आधी लावायची पद्धतच नाही. आपण म्हणतो 'गाय आली', इंग्रजीवाल्याला 'अ' का 'द' ते सांगावं लागतं. त्यामुळं आपल्याला 'अ' म्हणजे फुकटचं अक्षर वाटतं, गाळलं तर काय बिघडलं. बाकी ठिकाणी गाळलं तर इंग्रजी फक्त कच्चं दिसतं, माणूस समजून घेतो. 'फ्यू' आणि 'लिटल'च्या आधी गाळलं तर अर्थच उलटा होतो.

मी बातमीदारीही करतो, त्यामुळं हे मला दुसरीकडंही दिसायला लागलं. 'अ फ्यू व्हिलेजर्स अटेंडेड द ग्रामसभा' म्हणजे काही गावकरी सभेला आले होते. 'फ्यू व्हिलेजर्स अटेंडेड द ग्रामसभा' म्हणजे सभेकडं कोणी फिरकलंच नाही. पहिली बातमी वाचून सरपंच चहा पाजतील, दुसरी वाचून फोन करतील.

लिहिताना अडलात तर एक करा. आधी मराठीत मनात म्हणा. 'फारसे नाहीत' असं म्हणता येत असेल तर नुसतं 'फ्यू'. 'आहेत की काही' असं म्हणता येत असेल तर 'अ फ्यू'. अजून दोन जोड्या लक्षात ठेवा. 'ओन्ली अ फ्यू' म्हणजे थोडेच. इथं 'अ' असूनही 'ओन्ली'मुळं अर्थ परत कमीकडं जातो. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क बरेच. दिसायला 'फ्यू' आहे, पण माल भरपूर आहे. मला त्या दिवशी हेच लिहायला पाहिजे होतं.

खरं सांगायचं तर आपल्या देशात बोलताना कितीतरी शिकलेली माणसंही 'फ्यू' म्हणतात आणि त्यांच्या मनात 'अ फ्यू' असतं. समोरासमोर बोलताना चेहरा असतो, हातवारे असतात, भागून जातं. मेसेजमध्ये चेहरा नसतो. समोरचा नियमानं अर्थ लावणार का आपल्यासारखा, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आकडा माहीत असेल तर आकडाच लिहावा. 'फॉर्टी बॉक्सेस' लिहिलं असतं तर फ्यूही नको आणि व्याकरणही नको.

डोकी मोजायची, पाणी मापायचं

दुसरा घोळ 'मेनी' आणि 'मच'चा. मराठीत 'किती' हा एकच शब्द सगळीकडं चालतो. किती शेळ्या, किती पाणी, किती पैसे. इंग्रजीत एक-दोन-तीन मोजता येतं त्याला 'हाऊ मेनी' आणि जे मापावं लागतं त्याला 'हाऊ मच'. शेळ्या, झाडं, क्रेट, मजूर हे मेनी. पाणी, दूध, वाळू, वीज, युरिया हे मच. पण हाच युरिया गोणीत भरला की गोण्या मोजता येतात. म्हणून 'हाऊ मच युरिया', पण 'हाऊ मेनी बॅग्ज ऑफ युरिया'. दूध मच, दुधाचे लिटर मेनी.

इथवर सोपं आहे. फसगत होते ती मराठीत जे शब्द अनेकवचनी आहेत तिथं. आपण म्हणतो 'गहू चांगले आलेत', 'तांदूळ निवडले', 'केस पिकले', 'पैसे संपले'. आपल्या कानाला हे सगळे मोजायचे शब्द वाटतात. इंग्रजीत व्हीट, राइस, हेअर आणि मनी हे चारही मापायचे. 'मेनी मनी' कधीच होत नाही. आपण बोटाला थुंकी लावून नोटा मोजतो हे खरं आहे, पण इंग्रजीच्या हिशोबानं तुम्ही मोजल्या त्या 'नोट्स' आणि 'रुपीज'. 'मनी' मोजला जात नाही. उलट कांदे आणि द्राक्षं मात्र इंग्रजीतही मोजायचीच, 'मेनी ओनियन्स', 'मेनी ग्रेप्स'.

अजून एक यादी आहे, ती सरळ पाठ करावी लागते. इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, इक्विपमेंट, मशिनरी, लगेज, न्यूज. यांना 'मेनी' लागत नाही आणि शेवटी अनेकवचनाचा 'स'ही लागत नाही. 'इन्फर्मेशन्स', 'ॲडव्हाइसेस', 'इक्विपमेंट्स' असं आपण सर्रास लिहितो, ते चूक. मराठीत दोन सल्ले आणि चार बातम्या होतात म्हणून आपल्याला वाटतं तिकडंही होत असतील. 'न्यूज'ला शेवटी 'ज' ऐकू येतो म्हणून तो अनेकवचनी वाटतो, पण 'द न्यूज इज गुड' असंच म्हणायचं. मी स्वतः एकदा 'मेनी न्यूजेस' असं लिहून पाठवलंय. बातमीदार असून! आणि 'कॅटल'चं बरोबर उलटं. शेवटी 'स' नाही, पण ती जनावरं अनेकच. 'द कॅटल आर इन द शेड', 'इज' नाही.

साध्या होकारी वाक्यात 'मच' जरा पुस्तकी वाटतो. 'आय हॅव मच वर्क' असं कोणी बोलत नाही, 'आय हॅव अ लॉट ऑफ वर्क' म्हणतात. 'अ लॉट ऑफ' हा शब्द आपल्या 'खूप'सारखा आहे, शेळ्यांनाही चालतो आणि पाण्यालाही. 'मेनी' का 'मच' अशी शंका आली आणि वाक्य होकारी असलं की डोळे झाकून 'अ लॉट ऑफ' वापरा. नकारात आणि प्रश्नात मात्र 'मच' अगदी बोलीतला आहे, 'देअर इज नॉट मच वॉटर'.

आणि 'टू मच'पासून सावध राहा. आपल्याकडं 'टू मच'चा अर्थ 'लय भारी' असा झालाय. इंग्रजीत त्याचा अर्थ गरजेपेक्षा जास्त, म्हणजे तक्रार. 'टू मच रेन' म्हणजे नुकसान करणारा पाऊस. 'फ्रूट इज टू स्वीट' लिहिलंत तर समोरचा समजेल की फळाची गोडी खटकतेय. तिथं 'व्हेरी स्वीट' पाहिजे.

'कमी'लाही दोन शब्द आहेत. मोजायच्या वस्तूला 'फ्युअर', मापायच्याला 'लेस'. 'फ्युअर बॉक्सेस', 'लेस वॉटर'. फक्त पैसे, अंतर आणि वेळ यांचा आकडा आला तर 'लेस' चालतो, 'लेस दॅन ५०० रुपीज', 'लेस दॅन १० किलोमीटर्स'. कारण तिथं आपण सुटे रुपये मोजत नाही, एक रक्कम बघतो.

सगळी रोपं जगली नाहीत, म्हणजे नक्की किती?

महिनाभरापूर्वी शेजारचे एक भाऊ मोबाइल घेऊन आले. त्यांनी परराज्यातल्या एका कंपनीकडून डाळिंबाची ४०० रोपं आणली होती. त्यातली १७० मेली. कंपनीला इंग्रजीत ईमेल करायचा होता. भाच्याकडून त्यांनी लिहून घेतलं होतं, 'ऑल प्लांट्स डिड नॉट सर्व्हाइव्ह.' मराठीतून शब्दाला शब्द लावला तर बरोबर वाटतं, सगळी रोपं जगली नाहीत.

पण हे मराठी वाक्यच नीट बघा. 'सगळ्या शेतकऱ्यांना भरपाई मिळाली नाही.' म्हणजे काहींना मिळाली, काहींना नाही? का एकालाही मिळाली नाही? आपण आवाजावरून ओळखतो. इंग्रजीतही 'ऑल' आणि 'नॉट' असे लांब लांब ठेवले की हाच गोंधळ होतो. भाऊंचा ईमेल वाचून कंपनीवाला म्हणू शकला असता, तुम्ही म्हणता एकही रोप जगलं नाही, मग तुमच्याच फोटोत ही हिरवी रोपं कसली? तक्रारच खोटी आहे. झालं, मग घाला हेलपाटे.

उपाय सोपा आहे. 'काहीच जगले, सगळे नाही' म्हणायचं असेल तर 'नॉट'ला उचलून 'ऑल'च्या पुढं बसवा, 'नॉट ऑल प्लांट्स सर्व्हाइव्ह्ड'. 'एकही नाही' म्हणायचं असेल तर 'ऑल'चं नावच काढू नका, 'नो प्लांट सर्व्हाइव्ह्ड' किंवा 'नन ऑफ द प्लांट्स सर्व्हाइव्ह्ड' लिहा. दोनाच्या बाबतीतही असंच. 'बोथ पंप्स आर नॉट वर्किंग' यात एक चालू आहे का दोन्ही बंद, ते कळत नाही. दोन्ही बंद असतील तर 'नायदर पंप इज वर्किंग'. भाऊंना आम्ही लिहून दिलं, 'नॉट ऑल प्लांट्स सर्व्हाइव्ह्ड. १७० आउट ऑफ ४०० प्लांट्स डाइड.' सोबत फोटो आणि बिल जोडलं. कंपनीनं बघायला माणूस पाठवतो म्हणून कळवलंय. येईल तेव्हा बघू.

याच्याच पोटातली अजून एक चूक. आपण म्हणतो 'कोणीच आलं नाही', म्हणजे वाक्यात 'नाही' लागतंच. इंग्रजीत 'नोबडी'च्या पोटात 'नाही' आधीच असतं. 'नोबडी केम' एवढं पुरतं. 'नोबडी डिड नॉट केम' असं लिहू नये. 'आय डोन्ट हॅव नो स्टॉक'ही नाही, 'आय हॅव नो स्टॉक' किंवा 'आय डोन्ट हॅव एनी स्टॉक'.

'एनी' आला आहे तर तेही सांगतो. साध्या वाक्यात 'सम', नकारात आणि प्रश्नात बहुधा 'एनी'. चहा विचारताना मात्र प्रश्न असूनही 'वुड यू लाइक सम टी?' असंच, कारण तो प्रश्न नसतो, आग्रह असतो. आणि होकारी वाक्यात 'एनी' आला की त्याचा अर्थ 'कोणताही' होतो. 'यू कॅन टेक सम बॉक्सेस' म्हणजे काही बॉक्स न्या. 'यू कॅन टेक एनी बॉक्सेस' म्हणजे कुठलेही उचला. व्यापाऱ्याला 'एनी' म्हणालात तर तो वरचे मोठे फळाचेच उचलणार, आणि त्याला बोलायला तोंड राहणार नाही.

'एव्हरी' आणि 'ईच' यांची काळजी आपल्याला करायची गरज नाही, कारण मराठीतला 'प्रत्येक' तसाच चालतो. प्रत्येक शेतकरी आला, एकवचन. 'एव्हरी फार्मर हॅज अ कार्ड', 'फार्मर्स' नाही आणि 'हॅव' नाही. 'ऑल'ला मात्र 'ऑल फार्मर्स हॅव'.

परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी एक वेगळी नोंद. २०२३ च्या तलाठी भरतीच्या परीक्षेत १०० प्रश्न आणि २०० गुण होते, त्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण. गणितात एवढं डोकं खाजवता, तर हे पाच-सहा शब्द सोडू नका. पुतण्याच्या पुस्तकात वरचं सगळं आहेच, शिवाय ही एक जोडी आहे. 'अ नंबर ऑफ फार्मर्स हॅव कम', म्हणजे बरेच शेतकरी आलेत, क्रियापद अनेकवचनी. 'द नंबर ऑफ फार्मर्स हॅज इन्क्रीज्ड', म्हणजे शेतकऱ्यांची संख्या वाढली, संख्या एकच म्हणून क्रियापद एकवचनी. इथंही सगळी करामत 'अ' आणि 'द'चीच.

परवा त्याच बेंगळुरूच्या व्यापाऱ्याचा परत मेसेज आला. गाडी येतेय, माल आहे का? मी पुतण्याला शेजारी बसवूनच टाइप केलं, 'फॉर्टी-फाइव्ह बिग बॉक्सेस रेडी. अ फ्यू स्मॉल बॉक्सेस ऑल्सो.' दोन मिनिटांत उत्तर आलं, 'हाऊ मच रेट?'

पुतण्या म्हणाला, "तात्या, हे त्याचं चुकलंय. 'व्हॉट इज द रेट' पाहिजे."

म्हटलं, "गप लेका, आधी भाव सांगू दे त्याला."